बिनटोकाचा ब्रेड

एका मंगळवारी सकाळी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील एका घरात टोस्ट भाजण्यात आला आणि तो चविष्ट झाला. पुढील सर्व प्रकार या एकाच बेजबाबदार घटनेतून उद्भवला.

टोस्ट भाजणाऱ्या बाईंना सगळी इमारत वहिनी म्हणत असे. वहिनी कवळ्या बनवण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होत्या. दिवसभर त्या अनोळखी माणसांच्या जबड्यांच्या ठशांत दात बसवत आणि संध्याकाळी घरी येऊन सासऱ्यांचे दात घासून देत. सासऱ्यांच्या तोंडात स्वतःचा असा एकही दात उरलेला नव्हता. वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या सुनेच्या हातच्या. "माझ्या तोंडात सूनबाईचे दात आहेत, त्यामुळे तिला उलट बोलायची सोय राहिली नाही," असे ते आल्यागेल्याला सांगत आणि खदाखदा हसत.

सासऱ्यांना रोज सकाळी चहाबरोबर टोस्ट लागे. अडचण दुकानातल्या ब्रेडची होती. तो भाजला तरी आतून ओल्या कापसासारखा राही आणि टाळूला जाऊन बसे. एकदा बसला की निघताना वरची कवळी सोबत घेऊनच निघे.

"सूनबाई," एका सकाळी सासरे ब्रेडमधून कवळी सोडवत म्हणाले, "हा ब्रेड मी खातोय, की हा मला खातोय?"

वहिनींनी घरीच ब्रेड करायचे ठरवले. पहिला ब्रेड इतका टणक झाला की तो त्यांनी प्रयोगशाळेत नेला. तिथे नव्या कवळ्यांची मजबुती तपासायला त्याचा चांगला उपयोग झाला. दुसरा भराभर फुगला, ओव्हनच्या काचेतून सगळ्यांकडे ऐटीत बघू लागला आणि मग काहीतरी आठवून लाजावे तसा मधोमध खचला. तिसऱ्या वेळी वहिनींनी दूध कोमट आहे की नाही हे मनगटावर थेंब टाकून पाहिले, यीस्टला फेस येईपर्यंत त्याच्या नादी लागल्या नाहीत, पीठ कानाच्या पाळीइतके मऊ होईतो मळले, ओल्या फडक्याखाली झोपवले, साच्यात घातले आणि पुन्हा फुगू दिले. हा ब्रेड चौकोनी, सरळ आणि सोनेरी निघाला. सुरी फिरवली की साल हलकेच कुरकुरायची आणि आतून वाफ यायची. सासऱ्यांनी टोस्ट खाल्ला. कवळी जागच्या जागी राहिली. त्यांनी डोळे मिटले.

वहिनींचा नवरा घरगुती यंत्रांसोबत येणारी माहितीपत्रके लिहीत असे आणि घरातही त्याच भाषेत बोलत असे. "गरम आहे. काळजीपूर्वक हाताळावे," असे म्हणून त्याने काकडी-चटणीचे सँडविच उभ्याउभ्याच संपवले.

इथवर कुणाचाही गुन्हा नव्हता. पण ब्रेडचा वास दाराच्या फटीतून जिन्यात गेला.

पुढच्या खेपेला ब्रेड ओव्हनमध्ये असतानाच दारावरची बेल वाजली. दारात अध्यक्ष होते. अध्यक्ष म्हणजे इमारतीच्या समितीचे अध्यक्ष. हिशेबतपासनीस म्हणून निवृत्त झाल्यावर तपासायला हिशेब उरले नाहीत, म्हणून ते इमारत तपासत. वहिनींनी दार किलकिले केले, त्यातून आधी त्यांचे नाक आत आले.

"वहिनी, वासाबद्दल तक्रार आहे."

"अगंबाई! घाण येतोय का?"

"छान येतोय. तक्रार तीच आहे. तळमजल्याला येत नाही."

तातडीने सभा बोलावण्यात आली. तळमजल्यावर राहणाऱ्या शिंपीणबाई गळ्यातली मापाची पट्टी न काढताच आल्या होत्या. "जिना आम्ही पण झाडायचा आणि वास तेवढा वरच्यांनी घ्यायचा?" त्या कडाडल्या. "का, आम्हाला नाकं नाहीत?" उलट, सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या व्यायामशिक्षकांचे म्हणणे असे की त्यांच्याकडे वास फार होतो, त्यांचे विद्यार्थी सूर्यनमस्कारासाठी येतात आणि वास आला की चटईवर आडवे होऊन छताकडे बघत राहतात. बरीच चर्चा झाली. शेवटी, ज्याअर्थी सदर सुवास सामाईक जिन्याचा वापर करतो, त्याअर्थी तो सामाईक मालमत्ता आहे, असा ठराव एकमताने संमत झाला. वहिनींनी ब्रेड भाजताना दार उघडे ठेवावे आणि वास समप्रमाणात खाली पोहोचवण्याची व्यवस्था स्वखर्चाने करावी, असे ठरले.

म्हणून वहिनींचा नवरा टेबलफॅन घेऊन जिन्यात उभा राहू लागला. "पंख्यात बोट घालू नये," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

वासाचे वाटप सुरळीत झाले, पण त्यातून नवा पेच निर्माण झाला. आता सर्वांनाच वास येत होता आणि ब्रेड मात्र कागदोपत्री एकाच घरात होता. नुसता वास देऊन ब्रेड न देणे हा मानसिक छळ आहे, असे पुढच्या सभेत सिद्ध करण्यात आले. वहिनी मुळात उदार होत्या. सभेची वाट न बघता त्या कधीच्या शेजाऱ्यांना ब्रेड देत होत्या. पण स्वखुशीने दिलेल्या वस्तूची नोंद कुठे करायची हे समितीला समजेना, म्हणून वहिनींनी हे वाटप आधी बंद करावे आणि मग ठरावानुसार सुरू करावे, असे त्यांना कळवण्यात आले. त्यांनी तसे केले. प्रत्येक घराला एक स्लाइस मिळू लागली.

आणि मग कडेचा तुकडा शिंपीणबाईंच्या वाट्याला आला.

"मला टोक?" शिंपीणबाईंनी तो तुकडा सभेत सर्वांना दिसेल असा वर धरला. "मधला मऊ मऊ भाग वरच्या मजल्यांना आणि आम्हाला टोक? कापड असतं तर मी हे चिंध्यांत टाकलं असतं!"

"अहो, कडेचा तुकडाच खमंग असतो," वहिनी म्हणाल्या. "मी स्वतः तोच खाते."

"स्वतः खातात!" मागून कुणीतरी ओरडले. "म्हणजे नक्कीच चांगला असणार. बघा, लपवून ठेवत होत्या!"

झाले. निम्म्या घरांना टोक नको होते, कारण तो अपमान होता. उरलेल्या निम्म्यांना टोकच हवे होते, कारण ते वहिनी खात होत्या. दोघांनाही दुखवायचे नाही म्हणून अध्यक्षांनी मधला मार्ग काढला. यापुढे ब्रेडला टोक असू नये.

"टोक नसलेला ब्रेड कसा करायचा?" वहिनींनी विचारले. "अध्यक्ष, प्रत्येक वस्तू कुठेतरी संपतेच ना!"

"तो तांत्रिक भाग झाला. सभा फक्त धोरण ठरवते," अध्यक्ष म्हणाले आणि चहा मागवण्यात आला.

त्या दिवशी घरी वहिनी पिठाच्या परातीसमोर नुसत्याच बसून राहिल्या. पहाटे उठून पीठ मळायचे, टेबलफॅनने जिन्यात वास पाठवायचा, स्लाइस वाटायच्या आणि धापा टाकत कामाला पळायचे. यात त्यांना स्वतःला ब्रेड चाखून कितीतरी दिवस झाले होते. सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिले. मग चहाच्या बशीकडे पाहिले. मग बशीच्या कडेवरून बोट फिरवले.

"गोल कर," ते म्हणाले. "बांगडीसारखा. सुरुवात नाही, शेवट नाही. शोधू देत टोक."

वहिनींना हसू फुटले. परातीत डोके घालून त्या इतक्या हसल्या की नाकाला पीठ लागले.

बांगडीचा ब्रेड झाला. त्याला टोक नव्हते. पण त्याच्या स्लाइस बाहेरून जाड आणि आतून बारीक निघू लागल्या. त्या टोस्टरच्या खाचेत मावेनात. दोन एकावर एक ठेवून सँडविच केले की जॅम जाड बाजूने घसरून मनगटावरून कोपरापर्यंत जाई. अध्यक्षांनी कोपर चाटत चाटतच एक कोन-उपसमिती नेमली. शेवटी शिंपीणबाईच धावून आल्या. त्यांनी गळ्यातली पट्टी ब्रेडला लावली आणि घेरदार झग्याच्या कळ्या कापाव्यात तसा तिरपा काप घेतला. स्लाइस सरळ निघाली! त्या आनंदाच्या भरात सभेने वहिनींचे सोडून बाकी सर्वांचे अभिनंदन केले. फाटकावर एक मोठा फलक लावण्यात आला: 'ब्रेडच्या टोकांचा प्रश्न कायमचा सोडवणारी पहिली इमारत.'

तो फलक नगरपालिकेच्या अन्न निरीक्षकांनी वाचला.

निरीक्षक आले ते सरळ स्वयंपाकघरात. हातात काचेची बरणी, चिमटा आणि चेहऱ्यावर कुणीतरी नुकतेच फसवल्यासारखा भाव.

"हे काय आहे?"

"ब्रेड आहे साहेब."

"वेष्टन कुठंय?"

"घरीच केलाय. खायचाच असतो लगेच. वेष्टन कशाला?"

"नियमात ब्रेडची व्याख्या आहे," निरीक्षक म्हणाले. "वेष्टनात असतो तो ब्रेड. तुमच्याकडे वेष्टन नाही, म्हणजे हा ब्रेड नाही. मग हे काय आहे, ते तुम्ही सांगायचं." त्यांनी चिमट्याने एक स्लाइस उचलून बरणीत टाकली. दुसरी उचलली ती तोंडात टाकली, कारण नमुना दोन ठिकाणी ठेवायचा असतो. मग तिसरीही दुसरीच्या शेजारी ठेवली.

काही दिवसांनी अहवाल आला. बरणीतल्या नमुन्याला बुरशी आली होती. दुकानातल्या अधिकृत ब्रेडचा नमुना त्याच कपाटात मागच्या निरीक्षकांच्या काळापासून होता आणि त्याला काहीही झालेले नव्हते. बुरशीसुद्धा ज्याला तोंड लावत नाही तोच सुरक्षित, असा निष्कर्ष काढून वहिनींचा ब्रेड नापास करण्यात आला.

"अहो, पण तो ताजा खायचा असतो!" वहिनी कळवळून म्हणाल्या.

"ताजा या शब्दाची नियमात व्याख्या नाही," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी ओव्हनच्या दारावर लाखेचे सील ठोकले. ओव्हन तापवला तर लाख वितळेल आणि लाख वितळली तर गुन्हा दाखल होईल, हेही त्यांनी समजावून सांगितले.

जिन्यात सगळी इमारत जमली होती. निरीक्षकांनी विचारले, "हा पदार्थ अजून कुणी खाल्लाय का?"

"छे! आमच्या घरात असलं काही चालत नाही," व्यायामशिक्षक म्हणाले.

"मी तर वाससुद्धा घेतला नाही," शिंपीणबाई म्हणाल्या.

"समितीचा याच्याशी काडीचाही संबंध नाही," अध्यक्ष म्हणाले. तेवढ्यात त्यांच्या मिशीतून ब्रेडचा चुरा त्यांच्याच शर्टावर पडला. तो त्यांनी बोटाने टिपला आणि सवयीने तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवसापासून सासऱ्यांनी नुसता चहा घ्यायला सुरुवात केली. दुकानचा ब्रेड नको म्हणाले. चार दिवसांत त्यांचे गाल आत गेले आणि मापाने बनवलेली कवळी तोंडात खुळखुळू लागली. वहिनींना ते बघवेना. त्या रजा टाकून निरीक्षकांच्या कचेरीत जाऊन बसल्या. निरीक्षक मुळात वाईट माणूस नव्हते, आणि तिसऱ्या स्लाइसची आठवण त्यांच्या जिभेवर अजून होती. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"मॅडम, ब्रेड म्हणून परवानगी मिळायची नाही. दुसरं काहीतरी म्हणून मागा. तुम्ही काम काय करता?"

"कवळ्या बनवते."

"मग झालं की! कवळी तपासायला काहीतरी चावायला लागतंच ना?"

अशा रीतीने वहिनींच्या ब्रेडला 'कवळी-चाचणी साहित्य' म्हणून रीतसर मान्यता मिळाली. सील निघाले. अट एकच: प्रत्येक ब्रेडवर 'खाण्यास अयोग्य' असा शिक्का हवा. वहिनींच्या नवऱ्याने त्यासाठी पत्र्याचा छाप करून दिला. आयुष्यभर इशारे लिहिले, पण एखादा इशारा असा खमंग भाजून निघालेला त्याने प्रथमच पाहिला.

इमारत पुन्हा दारात हजर झाली. पण आता नियम आडवा आला. चाचणी-साहित्य चावण्याचा अधिकार फक्त दात नसलेल्यांना होता. अध्यक्षांनी त्यावरही तोड काढली. प्रयोगशाळेजवळच्या दंतवैद्यांकडे सगळी इमारत ओळीने गेली आणि दात नसल्याचे प्रमाणपत्र मागू लागली.

"आ करू का?" अध्यक्षांनी खुर्चीत बसून विचारले.

"अजिबात नको!" दंतवैद्य घाईघाईने म्हणाले. "तोंड उघडू नका, म्हणजे मला खोटं लिहावं लागणार नाही. जे दिसलं नाही ते नाही, एवढंच मी लिहिणार."

थोडे दिवस फार सुखाचे गेले. सगळे बिनदाताचे लोक करकर आवाज करत टोस्ट खात होते.

मग ती प्रमाणपत्रे नगरपालिकेच्या आरोग्य विभागात पोहोचली आणि तिथे हाहाकार उडाला. एका संपूर्ण इमारतीचे दात गेले होते! आजोबांचे, नातवंडांचे, ऐन तारुण्यातल्या व्यायामशिक्षकांचे, सगळ्यांचे. साथ म्हणावी तर आजूबाजूच्या इमारतींत मंडळी खुशाल दात विचकत होती. या लोकांत समान असे काय आहे, याचा शोध घेतला तेव्हा एक पदार्थ सापडला आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले होते: 'खाण्यास अयोग्य.'

वहिनींवर लोकांचे दात पाडल्याचा ठपका आला. प्रयोगशाळेतही कुजबुज सुरू झाली, की बाईच दात पाडते आणि बाईच कवळ्या करते. उलट शहराला मात्र या ब्रेडचे वेड लागले. एवढा गाजावाजा होतोय म्हणजे काहीतरी नैसर्गिक असणार, अशी सुशिक्षितांची खात्री पटली. दुकानांत 'घरगुती, बिनटोकाचा, यंत्रावर बनवलेला' ब्रेड वेष्टनासकट दिसू लागला. तो टाळूला चिकटत असे.

सुनावणी नगरपालिकेच्या मोठ्या सभागृहात झाली. मुख्य अधिकारी उंच खुर्चीत बसले होते. समोरच्या बाकांवर सगळी इमारत होती आणि कोपऱ्यात सासऱ्यांचा हात धरून वहिनी.

"हे सिद्ध झालं तर इमारत रिकामी करावी लागेल आणि बाईंना पुन्हा कुणाच्या जबड्याला हात लावता येणार नाही," मुख्य अधिकारी म्हणाले. "आपलं काय म्हणणं आहे?"

वहिनी उठल्या. आवाज स्पष्ट होता. "साहेब, कुणाचेही दात गेलेले नाहीत. सगळ्यांना दात आहेत. मी रोज बघते, जिन्यात हसताना."

"ठीक आहे. ज्यांना दात आहेत त्यांनी फक्त तोंड उघडावं."

वहिनींनी अध्यक्षांकडे पाहिले. अध्यक्षांनी ओठ आवळून पंख्याकडे पाहिले. तोंड उघडले तर प्रमाणपत्र खोटे ठरत होते. वहिनींनी शिंपीणबाईंकडे पाहिले. शिंपीणबाई पट्टीवरचे आकडे प्रथमच बघत असल्यासारख्या निरखू लागल्या. ज्यांच्यासाठी पहाटे उठून पीठ मळले, टोक नसलेला ब्रेड शोधून काढला, त्यांतल्या एकाचेही तोंड उघडेना. बाकांवर फक्त मिटलेले ओठ होते, ओळीने, मिशीवाले आणि बिनमिशीचे. वहिनी मटकन खाली बसल्या.

तेव्हा सासरे उठले.

ते सावकाश मुख्य अधिकाऱ्यांच्या टेबलापर्यंत गेले. त्यांनी आधी वरची कवळी काढली, मग खालची, आणि दोन्ही टेबलावर अधिकाऱ्यांकडे तोंड करून ठेवल्या. त्या सभागृहात कायद्याने सगळेच बोळके होते. खरोखरचे बोळके हे एकटेच. म्हणून तोंड उघडायला फक्त तेच मोकळे होते.

"शायेब," ते गरजले, "मया शकायी फक्त पोश्ट हवा! बाकी काय बी नको!"

टोस्ट म्हणायला वरचे दात लागतात. ते टेबलावर होते.

मुख्य अधिकारी पुढे झुकले. "काय हवं? पोस्ट?"

"हां! पोश्ट! रोज शकायी!"

मुख्य अधिकाऱ्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकदम मावळल्या. सकाळपासून त्यांना हे प्रकरण काही केल्या समजत नव्हते. आता समजले. "अहो, मग हे आधी नाही का सांगायचं! आजोबांना पद हवंय, एवढंच ना? उगाच दातांवर घसरलात सगळे!"

सासरे त्याच बैठकीत 'मानद सल्लागार, भाजीव पदार्थ' या पदावर नेमले गेले. सल्लागारांच्या सुनेची चौकशी करणे औचित्याला धरून नसल्याने ती बंद झाली. सल्लागारांना कामकाजासाठी रोज सकाळी नमुना लागणार, म्हणून ओव्हनला कायमची परवानगी मिळाली. इमारतीचे दात मात्र कागदोपत्री गेले ते गेलेच.

पहिल्या दिवशी सल्लागार कोट घालून स्वयंपाकघरात बसले. वहिनींनी चौकोनी ब्रेड साच्यातून काढला, कडेचा तुकडा कापला आणि तोंडात टाकणार तोच सल्लागार गंभीरपणे म्हणाले, "जेवणाची सुट्टी झाली आहे बाई. उद्या या." वहिनी डोळे विस्फारून बघत राहिल्या. मग सासरे इतके हसले की कवळी निसटून चहात पडली आणि वहिनीही पोट धरून जमिनीवर बसल्या.

बेल वाजली. सगळी इमारत वाडगी, ताटल्या घेऊन जिन्यात उभी होती. सासऱ्यांनी कवळी पुसून बसवली आणि स्वतः दार उघडले.

"ब्रेड सगळ्यांना मिळेल. अट एकच. आ करायचा, दात दाखवायचे आणि मोठ्यानं म्हणायचं, मला दात आहेत."

शिंपीणबाईंना जे फिसकन हसू फुटले, ते थांबेना. "आहेत हो आहेत! बत्तीसच्या बत्तीस आहेत!" म्हणत त्यांनी आ वासला आणि वहिनींचा हात घट्ट धरला. व्यायामशिक्षकांनी अक्कलदाढेपर्यंत सगळे दाखवले. एकामागून एक जबडे उघडत गेले आणि जिना हसण्याने दुमदुमला. अध्यक्ष तेवढे ओठ मिटून खाली उतरले. सध्या ते दुकानातला वेष्टनातला ब्रेड खातात. प्रमाणपत्राला जपायचे म्हणून तोही न चावता.

इथवर वाचताना तुम्हीही एखाद्या वेळी हसला असाल. म्हणजे तुम्हालाही दात आहेत, हे आता सिद्ध झाले. मग तुमच्या इमारतीच्या मागच्या सभेत इतका वेळ तोंड मिटून का बसला होतात?